आठ महिने इलेक्ट्रॉनिक ड्रम किट वापरल्यावर : हाय-हॅट म्हणजे सगळा डाव्या पायाचा खेळ

किट घेऊन आठ महिने झाले, रोज पाऊण तास तरी बसतो. स्नेअर, टॉम हे ड्रम जाळीचे आहेत, मस्त उसळी मिळते, तक्रार नाही. डोकं खाल्लं ते हाय-हॅटने, म्हणजे पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीने.

माझ्याकडे स्टँडवरचं नाही, वर रबरी पॅड आणि खाली वेगळं पेडल असलं आहे, म्हणजे पाय कितीही दाबा वरचं पॅड ढिम्म हलत नाही, सगळं कानावर. पहिले दोन महिने नुसतं ओपन आणि क्लोज्ड, मधलं ते अर्धवट उघडं चरचरीत काही केल्या येईना. म्हटलं किटच भंगार. मग यूएसबीने लॅपटॉपला जोडलं तर कळलं की पेडल मिडीवर (वाद्यं-कॉम्प्युटरची डिजिटल भाषा) ० ते १२७ असे आकडे पाठवतं आणि माझं पेडल थोडं दाबलं की लगेच बंदच्या टोकाला जात होतं. मॉड्यूलमध्ये (किटचा आवाज काढणारा डबा) पेडल कॅलिब्रेट केलं, पाच मिनिटांचं काम, दोन महिने फुकट!

पॅडला दोन झोन आहेत, बो (वरचा भाग) आणि एज (कडा). आठच्या पॅटर्नमध्ये ('एक अँड दोन अँड' असे आठ ठोके) १, २, ३, ४ वर स्टिकचा शोल्डर (टोकामागचा निमुळता भाग) एजवर आणि मधल्या 'अँड'ला नुसती टिप बोवर, एवढं केलं तरी मशीनसारखं वाजायचं थांबतं. चारच्या 'अँड'ला ओपन मारून पुढच्या एकवर पाय बंद, हे मात्र हळू टेंपोवर घासावंच लागतं, पाय जरा उशिरा आला की आवाज लोंबकळतो. राइड (दुसरी मोठी झांज) वाजवताना दोन आणि चारवर पायाने हाय-हॅट बंद करून चिक छान येतं. फूट स्प्लॅश (पायाने झटकन दाबून लगेच सोडणं, म्हणजे झांज घुमत राहते) तीनदा केला तर एकदा लागतो, उरलेल्या वेळी चिकच.

आणि हेडफोन लावला म्हणजे शांतता असं समजू नका. टाच उचलून वाजवायला लागलो आणि खालच्या काकू वर आल्या, "हातोडी मारताय का रे?" आता पेडलखाली फोम आणि वर जुनी सतरंजी आहे.

मागच्या महिन्यात मित्राच्या खऱ्या सेटवर बसलो तेव्हा समजलं की मी पेडल फारच जोरात दाबून ठेवतो. माझ्या पॅडवर हलकं बंद आणि घट्ट बंद एकच वाजतं, तिथे आवाज पार आवळलेला येत होता, शिवाय अर्ध्या तासात पोटरी भरून आली. बजेट असेल तर स्टँडवर बसणारं हाय-हॅटच घ्या. मी सध्या पैसे साठवतोय.