एलएस३ कॉर्व्हेटमध्ये कॅम बदलून एक सीझन झाला

गाडी २००९ची सी६ (सहाव्या पिढीची) शेव्हरोले कॉर्व्हेट, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन एलएस३, ६.२ लिटर, कारखान्यातून ४३० हॉर्सपॉवर. मिशिगनमध्ये रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की ही गाडी गॅरेजात जाते. मागच्या हिवाळ्यात ती तशी उभी असतानाच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून घेतला. एप्रिलपासून ऑफिस, लांबचे प्रवास आणि साउथ हेवनचा जिंजरमॅन ट्रॅक असं सगळं तिच्याकडून करून घेतलंय, म्हणून आता खात्रीने लिहू शकतो.

कॅम घेताना सगळे ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो) विचारतात. माझं म्हणणं, आधी ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकत्र किती अंश उघडे राहतात) काढा. हिशोब सोपा आहे: इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची सरासरी घ्यायची आणि त्यातून लोब सेपरेशनची (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) दुप्पट वजा करायची. मूळ कॅम २०४/२११, सेपरेशन ११७, म्हणजे ओव्हरलॅप उणे २६.५ अंश. (हे सगळे आकडे ५० थाऊ, म्हणजे ०.०५० इंच, लिफ्टवरचे.) एका दुकानदाराने फार आग्रह केलेला कॅम होता २३६/२४८, सेपरेशन १११. तो थेट अधिक २० वर जातो. मी घेतला २२६/२३८, सेपरेशन ११३: अधिक ६.

एवढ्यावरच का थांबलो? माझ्या गाडीचा सहावा गिअर ०.५०चा आणि मागचा अ‍ॅक्सल ३.४२चा. हायवेवर ताशी ७० मैलांना इंजिन फिरतं जेमतेम १५०० आरपीएमवर. ओव्हरलॅपमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. कमी आरपीएमला जळालेला गॅस उलटा इनटेकमध्ये शिरतो, मिश्रण नीट पेटत नाही आणि गाडी झटके द्यायला लागते. २० अंशांच्या कॅमवर मला हायवेला कायम पाचव्यात, २२०० आरपीएमवर चालवावं लागलं असतं. माझी गाडी दिवसभर ज्या आरपीएमवर असते तिथे ती गुळगुळीत चालायलाच हवी. या कॅमवर सहाव्यात ७०ला ती शांत चालते. बायको शेजारच्या सीटवर निवांत झोपते, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला नको.

आता बाकीचं सामान. कॅमपेक्षा त्यावरच जास्त पैसे गेले, आणि ते जायलाच हवेत. व्हॉल्व्हची लिफ्ट (उघडण्याची उंची) ०.५५१ इंचावरून ०.६०० वर नेली की मूळ स्प्रिंग पुरत नाहीत, वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगतो (वेळेवर बंद होत नाही). ड्युअल स्प्रिंग घातल्या. स्प्रिंग कडक झाल्या की भार रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणारा आर्म) येतो. एलएसच्या मूळ रॉकरमधल्या सुईसारख्या बारीक बेअरिंग पिंजऱ्याशिवाय बसवलेल्या असतात. त्या सुटल्या तर थेट ऑइलमध्ये पडतात, म्हणून तिथे ब्रॉन्झ बुश घेतले. टाइमिंग चेन नवी. ऑइल पंप क्रँकच्या टोकावरच बसतो, म्हणजे पुढचं कव्हर उघडलंच आहे तर तोही नवा. पंपाच्या पिकअप ट्यूबची ओ-रिंग मात्र डोळ्यात तेल घालून बसवा. ती चिमटली की पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. क्रँकचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, जुना परत लावू नका.

सिलिंडर हेड न काढताही या इंजिनात कॅम बदलता येतो, पण लिफ्टर (कॅमवर टेकून वर-खाली होणारे दट्टे) बदलायचे तर हेड उघडावंच लागतं. एवढ्या जुन्या गाडीत नव्या कॅमवर जुने लिफ्टर चालवणं मला पटत नाही. हेड उघडल्याचा आणखी एक फायदा झाला: व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजता आलं. पिस्टनवर क्ले चिकटवली, तपासणीपुरते सॉलिड लिफ्टर लावले, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, हेड काढलं आणि व्हॉल्व्हच्या ठशात ब्लेडने काप देऊन जाडी व्हर्नियरने मोजली. इनटेकला किमान ८० थाऊ आणि एक्झॉस्टला १०० थाऊ हवेत. दोन्हीकडे आरामात जास्त निघाले. एलएस३च्या पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाचा नसतात, त्यामुळे हे मोजमाप अंदाजावर सोडू नये. पुशरॉडची (लिफ्टर आणि रॉकरमधली काडी) लांबीही मोजूनच मागवली.

ट्यूनिंगला वेळ द्या. ओव्हरलॅपमुळे आयडलिंगला न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे निसटतो, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि कॉम्प्युटर विनाकारण पेट्रोल वाढवतो. माझ्या ट्यूनरने हे ओळखून आयडल ८०० आरपीएमवर नेलं आणि तिथली दुरुस्ती हाताने बसवली. सकाळी थंड इंजिनला पेट्रोलचा वास येतो, तो राहणारच.

त्याच डायनोवर (ताकद मोजणारं मशीन) चाकांवर आधी ३७८ हॉर्सपॉवर होते, आता ४२९. खरी गंमत ४००० आरपीएमच्या पुढे. जिंजरमॅनच्या मागच्या सरळ पट्ट्यावर तिसऱ्यात गाडी जी ओढते, ती पूर्वी कधीच ओढली नव्हती. २५०० च्या खाली मात्र थोडा दम कमी झाला, हे जाणवतं. बॉनेट उघडलं की शिलाई मशीनसारखी टिकटिक ऐकू येते. तेल बदलताना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून उजेडात पाहिल्या, धातूच्या कणांची चमक कुठेच नव्हती.

मिशिगनमध्ये गाडीची धूर तपासणी होत नाही, म्हणून मला ही मोकळीक मिळाली. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी कॅमला कार्बचा (कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, आहे का, हे पैसे भरण्याआधीच पाहावं.