यीस्टच्या पेशीभित्तिकेची भुकटी : आतड्यात उपयोगी, कल्ल्यांपाशी नाही

माशांच्या खाद्यात मिसळण्यासाठी यीस्टच्या पेशीभित्तिकेची भुकटी आता सर्रास मिळते आणि तिच्या वेष्टनावर बहुधा एकच दावा ठळकपणे छापलेला असतो : रोगप्रतिकारशक्ती वाढवते. हे उत्पादन मला उपयुक्त वाटते, मात्र या दाव्यामुळे नव्हे. ते कुठे काम करते आणि कुठे करू शकत नाही, हे शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनांचे, म्हणजे लेक्टिनांचे वागणे पाहिल्यावरच कळते.

भुकटीत मुख्यतः दोन घटक असतात. त्यांपैकी मॅनन हा जीवाणूंसाठी सापळा आहे. अनेक जीवाणूंच्या तंतूंच्या टोकाशी लेक्टिन असते व त्याने ते पेशींवरील मॅनोज शर्करा धरून ठेवतात, ई. कोलायचे फिमएच हे प्रथिन याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे. खाद्यातले मॅनन ही पकड आधीच व्यापते, त्यामुळे जीवाणूला आतड्यात रुजायला जागा मिळत नाही. पण जो जीवाणू मॅनोज धरतच नाही, त्याच्यापुढे हा उपाय निष्प्रभ ठरतो, आणि याचा उल्लेख वेष्टनावर क्वचितच आढळतो.

दुसरा घटक बीटा-ग्लुकन. तो माशाच्या स्वतःच्या भक्षक पेशींना जागे करतो. सस्तन प्राण्यांत डेक्टिन-१ हे सी-प्रकारचे लेक्टिन त्याला ओळखते. माशांत त्याचा स्पष्ट प्रतिरूप सापडलेला नाही, तरी कार्प माशांवरील काम याच कुळातल्या इतर ग्राहींकडे, म्हणजे पेशीवरील ओळख पटवणाऱ्या प्रथिनांकडे, निर्देश करते. म्हणजे एका घटकाचा रोख जीवाणूच्या लेक्टिनांवर आहे आणि दुसऱ्याचा माशाच्या. असे असताना दोन्हींचे प्रमाण वेगवेगळे न छापणे हा मला या उत्पादनांचा सर्वांत गंभीर दोष वाटतो.

लेक्टिन वाढले की मासा सुरक्षित, असा समजही धोक्याचा आहे. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे हा जीवाणू कल्ले सडवतो. चॅनेल कॅटफिशवरील 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या रोगाला लवकर बळी पडणाऱ्या माशांच्याच कल्ल्यांत ऱ्हॅम्नोज या शर्करेला चिकटणाऱ्या लेक्टिनाची निर्मिती झपाट्याने वाढलेली आढळली, आणि माशांना आधी ऱ्हॅम्नोजच्या संपर्कात ठेवल्यावर त्यांना संरक्षण मिळाले. उपाशी ठेवलेल्या माशांतही हे लेक्टिन वाढते. संरक्षणासाठीचे मानले गेलेले प्रथिन इथे जीवाणूलाच आधार देत असावे, ही शक्यता मला फार महत्त्वाची वाटते. आतड्यातून जाणारी भुकटी कल्ल्यांपाशी पोहोचत नाही. वेळच्या वेळी दिलेले साधे खाद्य कदाचित अधिक उपयोगी पडेल.

वापरायला भुकटी सोपी आहे. थोड्या तेलासह खाद्यगोळ्यांवर तिचा लेप द्यावा. कोरडीच टाकल्यास बरीचशी पाण्यात विरघळून वा पसरून वाया जाते. ती सतत व जास्त मात्रेत देऊ नये, कारण बीटा-ग्लुकनाच्या दीर्घ वापराने प्रतिसाद मंदावल्याची नोंद आहे. वाहतूक, प्रतवारी किंवा लसीकरण यांच्या आधीचा मर्यादित काळ मला तिच्यासाठी योग्य वाटतो.

दोन्ही घटकांची टक्केवारी स्पष्ट देणारे उत्पादन मिळाल्यास ते मी नक्की सुचवीन. कल्ल्यांचा रोग आधीच दिसत असेल, तर मात्र भुकटीवर खर्च न करता माशांची दाटी कमी करावी, पाणी उबदार असताना हाताळणी टाळावी आणि कल्ल्यांचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.