मिरजेतलं पंप-नोझलचं दुकान: डीपीए पंपाच्या गव्हर्नरचं काम करायचं तर इथं करा

पाचपैकी साडेचार स्टार. ज्यांच्याकडं अजून तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे आणि त्याला डीपीए पंप (इंजिनाला मोजून डिझेल देणारा पंप) आहे त्यांनी हे वाचाच, कारण गव्हर्नर (पंपातला रेस स्थिर ठेवणारा भाग) समजून काम करणारी माणसं आपल्या सांगली भागात आता शोधावी लागतात.

आमचा त्रास असा की हँड रेस (हातानं लावायचा अ‍ॅक्सिलरेटर) एका जागी ठेवली तरी इंजिन आपोआप वर-खाली व्हायचं, आणि रोटर (रोटाव्हेटर) जमिनीत उतरवला की एकदम दबायचं मग लई वेळानं उचलायचं. नांगरटीला हे एकवेळ चालवून घेता येतं पण आमची तासगाव भागात द्राक्षं आहेत, ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी रोगाची फवारणी ब्लोअरनं करायची म्हणजे पीटीओ (ट्रॅक्टरमागचा अवजार फिरवणारा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांच्या आसपास स्थिर पाहिजे, रेस हलली की पंख्याची हवा कमी-जास्त होते, फवारा तुटतो आणि मधल्या वेली कोरड्या राहतात. अशा बागेत डाउनी शिरला तर वर्ष गेलं. जवळच्या एका मिस्त्रीनं पंप न उघडताच सांगितलं, पंप संपला, नवा टाका.

मिरजेतल्या या मिस्त्रींनी आधी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, "दादा, पंप खोलायच्या आधी एअर बघू." फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक नळी लावली, इंजिन चालू केलं, बुडबुडे दिसतात का बघितलं. डिझेलच्या लाइनीत एअर घेत असली तरी रेस अशीच हलते, तेव्हा वॉशर बदलून भागणारं काम असेल तर पंप उतरवायचाच कशाला हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. बुडबुडे नव्हते. मग फिल्टर, मग रेसच्या रॉडमधली ढिलाई, आणि त्यानंतरच पंप उतरवून टेस्ट बेंचवर.

दोष मीटरिंग व्हॉल्व्हमध्ये निघाला. गव्हर्नरच्या आत वजनं फिरतात, स्पीड वाढला की बाहेर फेकली जातात आणि हा व्हॉल्व्ह फिरवून डिझेल कमी करतात, स्प्रिंग त्याला उलट ओढून डिझेल वाढवते, या दोघांच्या ओढाताणीत रेस स्थिर राहते. व्हॉल्व्ह अडकत असला की प्रत्येक वेळी उशिरा हलतो आणि गरजेपेक्षा जास्त हलतो, म्हणून इंजिन झुलत राहतं. डीपीए पंपाला आतलं वंगण डिझेलचंच, त्यामुळं डिझेलमधून पाणी गेलं की गंज धरतो, आमच्या व्हॉल्व्हवर तपकिरी डाग मला हातात देऊन दाखवले. शिवाय गव्हर्नर आणि व्हॉल्व्ह जोडणाऱ्या लिंकेजचा हूक झिजलेला आणि गव्हर्नर स्प्रिंग कधीतरी कुणीतरी चुकीच्या भोकात अडकवलेली. स्प्रिंग अडकते त्या आर्मला भोकं बरीच असतात, एक भोक चुकलं की रेसचा सगळा स्वभावच बदलतो. व्हॉल्व्ह, हूक, स्प्रिंग, सगळी सीलं बदलली, बेंचवर डिझेल सेट केलं, ट्रॅक्टरवर बसवून पुलीला टॅकोमीटर लावून हाय स्पीड बघितला आणि त्या स्क्रूला तार-शिसं मारून सील केलं. जुने पार्ट पिशवीत घालून दिले. खर्च नव्या पंपाच्या निम्म्याहून बराच कमी आला.

आता रोटर उतरवला की आवाज जरा जड होतो आणि लगेच सावरतो, ब्लोअरचा फवारा शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखा.

अर्धा स्टार कापला तो फोनसाठी. सीझनला फोन उचलतच नाहीत, आणि वेळ सांगतात त्यापेक्षा जास्त लागतो. बसायला सावली पण नाही.

जाताना नुसता पंप काढून नेऊ नका, जमलं तर ट्रॅक्टरच घेऊन जा, एअर आणि रॉडची तपासणी ट्रॅक्टरवरच होते. लांबून पंपच न्यायचा असेल तर उतरवायच्या आधी फ्लँजवरची (पंप इंजिनाला जिथं बसतो त्या कडेवरची) टायमिंगची खूण जुळते का बघा, नसली तर स्वतः मारून घ्या. आणि फिल्टरच्या वाटीतलं पाणी अधूनमधून सोडत जा, टाकी रात्री रिकामी ठेवू नका, थंडीत आत दव धरतं.