आवाज गेला, आणि त्याच्यासोबत स्टॅबिलायझरही

नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या पिकअपचं बिल आधी वाचा. स्टॅबिलायझर लिंक २, स्टॅबिलायझर बुश ४, लोअर आर्म बुश सेट, व्हील अलाइनमेंट, मजुरी. गाडी पुढे कॉइल स्प्रिंगची, मागे पाट्यांची. तक्रार इतकीच होती की पुढून, डाव्या बाजूने खटखट येते, आणि ती हळू चालवताना जास्त. गाडी परत आली तेव्हा आवाज पार बंद. मालकाने खुशीत पैसे मोजले. पुढच्या खेपेला क्रेट भरून कसारा घाट उतरताना प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला इतकी कलायला लागली की ड्रायव्हरने वेग निम्मा केला. खापर फुटलं क्रेट रचणाऱ्यांवर. आठवड्याने पंक्चर काढणारा खाली वाकला आणि म्हणाला, "दादा, यातला बार कुठंय?"

स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडीला झुकू न देणारी कांब, काढून ठेवला होता. बिलातल्या दोन लिंका आणि चार बुश बसवायला गाडीत जागाच नव्हती.

ही फसवणूक खपते, कारण ती दुरुस्तीसारखी वागते. स्टॅबिलायझर बार म्हणजे इंग्रजी यूच्या आकाराची स्प्रिंग स्टीलची जाड कांब. मधला भाग दोन रबरी बुश आणि दोन क्लॅम्पनी चॅसिसला धरलेला असतो, दोन्ही टोकं एकेका लिंकने डाव्या-उजव्या लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताला, जोडलेली. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली तर बार बुशमध्ये नुसता फिरतो, काही करत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं किंवा वळणावर गाडी एका बाजूला दबली, की बारला पीळ पडतो आणि तो पीळ गाडीला झुकू देत नाही. लिंकचा बॉल ढिला झाला की नेमका याच वेळी आवाज येतो. म्हणून अख्ख्या स्पीड ब्रेकरवर गाडी शांत आणि एका चाकाखाली खड्डा आला की खटखट, असं असेल तर पहिला संशय लिंकवर घ्यायचा.

जाणकार मिस्त्री यासाठी एक साधी चाचणी करतो. दोन्ही लिंका सोडायच्या, बार वर बांधायचा आणि गाडी गल्लीत हळू एक फेरी मारून आणायची. आवाज गेला तर दोष लिंकमध्ये किंवा बुशमध्ये, राहिला तर बॉल जॉइंट, शॉकअप नाहीतर लोअर आर्म बघायचा. चाचणी उत्तम आहे. लबाड मिस्त्री ती इथेच थांबवतो. ग्राहकाला आवाज घालवायचा असतो आणि आवाज तर गेलेला असतो. नवे पार्ट आणायची गरज उरत नाही, जुना बार भंगारात किंवा दुसऱ्या गाडीला जातो, आणि रिकाम्या पिकअपमध्ये शहरात फिरताना फारसं काही जाणवतही नाही. माल उंच भरला, वेगात लेन बदलली किंवा घाटातलं वळण आलं, की उणीव अंगावर येते. सेकंडहँड गाडी विकण्यापूर्वीही हेच करतात, कारण टेस्ट ड्राइव्हला खटखट ऐकू आली की घेणारा भाव पाडतो.

कुणी म्हणेल, ऑफ-रोडवाले तर बार मुद्दाम सोडतात. सोडतात, चाकं जास्त वर-खाली जावीत म्हणून. आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी पुन्हा जोडतात.

आता ते बिल पुन्हा बघू. या गाडीत क्लॅम्प दोन, म्हणजे बारचे बुश दोन. चार लावले कुठे? (काही गाड्यांत लिंक म्हणजे लांब बोल्ट असतो, त्यावर रबर-वायसरची चळत असते, तिथे रबरांचा आकडा मोठा निघतो. ते आधी बघून घ्या, उगाच भांडू नका.) लोअर आर्मचे बुश बदलायचे तर आर्म खाली उतरवून ते प्रेसवर काढावे लागतात. या गाडीच्या आर्मच्या बोल्टांवर दोन पावसाळ्यांचा चिखल तसाच घट्ट होता, पाना लागल्याची एक खूणही नव्हती. आणि अलाइनमेंट? स्टॅबिलायझर काढला किंवा लावला तरी टो, कॅम्बर या चाकांच्या कोनांत फरक पडत नाही. अलाइनमेंट लागते ती आर्म किंवा स्टिअरिंगचा टाय रॉड हलवला तर. आर्मच हलला नाही, तेव्हा तीही ओळ पोकळ.

बार काढायची खरी रीत माहीत असली की कोण काय करून गेलंय ते खुणांवरून कळतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. पुढच्या दोन्ही बाजू सारख्या उंचीवर उचलून चॅसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. एकच चाक उचललं तर बारला पीळ राहतो, आणि लिंकचा नट सुटला की टोक झटक्यात उसळतं. बोटं चेमटतात ती इथे. इंजिनखालचं कव्हर असेल तर ते उतरवायचं. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. शेजारीच ब्रेकचा होज असतो, म्हणून गॅसची ज्योत लावायचा मोह टाळायचा.

लिंकचा नट फिरवताना बॉलचा दांडाही सोबत गरगरतो. दांड्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं किंवा मागे पाना धरायला सपाट कडा असतात. तिथे धरून नट रिंग पान्याने सोडायचा. घाईत इम्पॅक्ट गन लावली की दांडा आत फिरतो, रबरी बूट फाटतो, चांगली लिंकही वाया जाते. मग बारला खालून आधार देऊन दोन्हीकडचे क्लॅम्पचे बोल्ट थोडेथोडे सैल करत आणायचे. काढण्याआधी बारच्या डाव्या टोकाला रंगाची खूण करायची, बुशची चीर पुढे होती की मागे याचा फोटो घ्यायचा. परत बसवताना बुशला ग्रीस चोपडायचं नाही, पेट्रोलियमच्या ग्रीसने साधं रबर फुगतं. लिंकचे नट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

गाडी गॅरेजमधून घेताना किंवा सेकंडहँड बघताना मोबाइलचा टॉर्च पुढच्या बंपरखालून मारा. कांब आरपार दिसली पाहिजे. नसेल तर चॅसिसवर क्लॅम्पची मोकळी भोकं दिसतील, त्यांतले आटे शेजारच्या पत्र्यापेक्षा स्वच्छ असतील तर काम ताजं आहे. कांब दिसली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. कधी बार जागेवर ठेवून लिंका काढतात आणि टोकं बाइंडिंगच्या तारेने वर बांधून ठेवतात. एकच लिंक काढली तरी पुरे, एका टोकाने सुटलेल्या बारला पीळच पडत नाही, म्हणजे तो नसल्यात जमा. दोन्ही बाजूंच्या लिंका हाताने हलवून बघा. "नवीन" लिंकेच्या रबरी बुटावर आणि आट्यांवर काळ्या रंगाचे शिंतोडे असतील तर ती जुनीच, स्प्रे मारून आणलेली. काम देतानाच जुने पार्ट परत हवेत असं सांगा, आणि दोन लिंकांचे पैसे दिलेत तर दोन जुन्या लिंका पिशवीत टाकून घरी न्या.

बिल पक्कं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. गाडी मालवाहू आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा समोरून हमखास येतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून केवळ पोटापाण्यासाठी केलेला वापर व्यावसायिक धरलेला नाही. गाडी दाखवायच्या आधी खालून फोटो काढा, ज्यात रिकामी भोकं आणि नंबर प्लेट दोन्ही येतील.

बागायतदाराने बिल पुढे केल्यावर गॅरेजने कुरकुर न करता एक बार बसवून दिला. दोन दिवसांत खटखट परत सुरू. बार दुसऱ्या मॉडेलचा होता, बुशच्या जागी व्हर्नियरने मोजला तर २५ मिलिमीटर, आणि गाडीचे बुश २८ चे. तीन मिलिमीटरने काय होतं, असं गॅरेजवाल्याचं म्हणणं. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. मूळ २८ चा बार या २५ पेक्षा दीडपटीहून अधिक ताठ. भंगारातून बार घेणार असाल तर बुश बसतो तिथला गंज पॉलिश पेपरने घासून मगच माप घ्या, नाहीतर गंजाचा थर जाडीत मोजला जातो.