गांजा सोडवतो म्हणून १,४०,५०० रुपये घेतले, वायर निघाली तरी पट्टी हिरवीच

मेंदूचा पहिला मॅप, म्हणजे मेंदूच्या लहरींचं रंगीत चित्र, ८,५००. सेशनचं पॅकेज ९६,०००. घरी वापरायचा हेडबँड २७,५००. 'प्रगती दाखवायला' दुसरा मॅप, पुन्हा ८,५००. एकूण १,४०,५०० रुपये अंधेरी पश्चिमेच्या एका न्यूरोफीडबॅक सेंटरने आमच्याकडून उकळले. माझी मुदत ठेव मोडून दिले मी ते.

मुलाला कॉलेजपासून अँग्झायटी आहे. दादरला गाडीत चढताना छाती धडधडते, रात्र रात्र झोप नाही. गांजा ओढल्यावर बरं वाटतं म्हणून ओढत राहिला. या सेंटरने सांगितलं, अँग्झायटी जाईल, गांजाही सुटेल, गोळी नाही, नशा नाही, आणि कुठे नोंदही राहणार नाही. उद्या लग्नाचं बघताना अडचण नको. चाळीत वाढलेल्या मुलाच्या आईला हे वाक्य ऐकवलं की ती पैसे काढतेच, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

न्यूरोफीडबॅक ही हवेतली गोष्ट नाही, म्हणून तर विश्वास बसला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घेतात, हव्या त्या लहरी वाढल्या की पडद्यावर पट्टी चढते आणि मेंदूला तशी सवय लागावी अशी कल्पना. माणसाला आपल्या अल्फा लहरी (निवांत असताना वाढणाऱ्या) ओळखता येतात, हे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जो कामिया यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. पण त्यावरून 'अँग्झायटी जाणार, गॅरंटी' म्हणणं ही लबाडी आहे. मॅपवरचा लाल रंग दाखवून आम्हाला घाबरवलं. डोळे मिचकावले, दात आवळले तरी ईईजी बिघडतो, हे कोणी सांगितलं नाही. माझा मुलगा टेन्शनमध्ये दात आवळूनच बसतो.

आणि ती वायर. ते आठवलं की अजून अंगाची आग होते. सेशन चालू असताना त्याच्या कानाला लावलेल्या वायरची क्लिप निघून खांद्यावर लोंबत होती आणि पडद्यावर हिरवी पट्टी चढतच होती! मी तिथल्या मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "काकू, सिग्नल थोडा वेळ होल्ड राहतो." तराजूतली भाजी उचलली की काटा खाली यायलाच हवा, एवढं साधं होतं ते. पण मी विचारलं होतं, गप्प बसले नव्हते. समोरचा यंत्राचा जाणकार म्हणून बसलाय, त्याने उत्तर दिल्यावर घरच्या बाईने आणखी काय करायचं? तुम्ही मात्र तिथेच उठा. क्लिप काढा आणि पडद्याकडे बघा.

मुलाला बरं वाटलं होतं का? हो, गांजा बंद केल्यावर मध्ये वाटलं होतं. नंतर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की रोजचा गांजा बंद केला की पहिल्या आठवड्यात चिडचिड, निद्रानाश, घाबरणं वाढतं आणि बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरतं. म्हणजे सोडायचे हाल सोसले माझ्या पोराने आणि श्रेय लाटलं यंत्राने. मूळ अँग्झायटी होती तिथेच होती.

पैसे परत मागितले तर मालक म्हणाला, "जा पोलिसात, मुलगा काय ओढायचा तेही सांगा." तोंड दाबून बुक्क्यांचा मार! तरी गेले. पोलीस ठाण्यात पैशांबद्दल एक प्रश्न नाही. गांजा कुठून आणायचा, कोणाबरोबर ओढायचा, मुलाला घेऊन या. मग म्हणे ही दिवाणी बाब आहे. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयात गेले तर तो डॉक्टरच नाही, आमच्याकडे येत नाही. तो डॉक्टर नाही हीच तर माझी तक्रार आहे! मानसिक आरोग्याच्या कार्यालयाने विचारलं, पेशंट दाखल करून घेतात का? नाही? मग आमच्या कक्षेत नाही. पालिकेत सांगितलं, खाटा नाहीत तर नर्सिंग होम नाही. लाख-लाख रुपये घेणारं दुकान उघड्यावर चालतं आणि ते एकाही खात्याच्या कक्षेत येत नाही? फेरीवाल्याची पाटी उचलायला यांना बरोबर वेळ मिळतो.

गांजाच्या भीतीने गप्प बसू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४ अ आहे. व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी आपणहून उपचार घ्यायला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनाच्या आणि थोडासाच माल सापडल्याच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. खासगी 'वेलनेस'वाल्याचा कागद तिथे चालत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआय करू नका. पावती वाचा. आमच्या पावतीवर 'रिलॅक्सेशन ट्रेनिंग' लिहिलंय, अँग्झायटीचा उल्लेखच नाही. घरी फोनवर बोलायचं तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, फुकट.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. अंधेरीत अशा सेंटरला ज्यांनी पैसे दिले असतील त्यांनी पावत्या, मॅपचे कागद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज काहीही फेकू नका. मुलाचं नाव पुढे येईल म्हणून थांबला असाल तर मीही त्याच भीतीने थांबले होते, आणि तेवढ्या वेळात त्यांनी हेडबँडही विकला.