सहा पट्ट्यांचा लघवी-तपासणी कप: चाळणी म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही

हिंजवडीत रुजू होण्याआधी किंवा चाकणला कंत्राटी भरतीच्या वेळी हातात येतो तो बहुधा हाच कप. झाकणाचा, प्लास्टिकचा, आतल्या भिंतीला अमली पदार्थ शोधणाऱ्या सहा पट्ट्या: गांजा, अफू, कोकेन, उत्तेजक अ‍ॅम्फेटामिन, आणि गुंगी आणणारी बेन्झोडायझेपिन, बार्बिच्युरेट. सुटाही विकत मिळतो. वापरायला सोपा आहे, पण चुकीचा वाचायला त्याहून सोपा.

आधी साठवण. कप २ ते ३० अंशांत ठेवायचा असतो. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेला खोका फेकून द्यावा. फॉइल नमुना घेण्याच्या क्षणीच फाडायचं, नाहीतर पावसाळी हवेतली ओल पट्टी शोषून घेते.

नमुना दिल्यापासून चार मिनिटांच्या आत कपावरच्या तापमानपट्टीने ३२ ते ३८ अंश दाखवले पाहिजेत. त्याबाहेर आकडा गेला तर लघवी बाहेरून आणलेली असू शकते. पाणी मिसळल्याचा संशय असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत नेहमी असणारा एक घटक, पाहतात. डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि विशिष्ट घनताही कमी, म्हणजे नमुना पातळ. भीतीपोटी दोन लिटर पाणी पिऊन गेलेला माणूसही इथेच अडकतो.

निकाल पाच मिनिटांनी वाचायचा, अर्ध्या तासाने नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो: टी (टेस्ट) जागी रेघ उमटली तर निकाल निगेटिव्ह. प्रेग्नन्सी टेस्टची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं. नमुन्यात औषध असेल तर ते पट्टीतल्या प्रतिपिंडांना आधीच अडकवतं आणि रेघेला रंग यायला काही उरत नाही. फिकी रेघही निगेटिव्हच. सी (कंट्रोल) रेघच, म्हणजे पट्टी चालते हे दाखवणारी, आली नाही तर कप बाद, नवा घ्यायचा.

आता खरा मुद्दा. पट्टी औषध ओळखत नाही, त्याच्यासारखा दिसणारा रेणू ओळखते. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रीन अ‍ॅम्फेटामिनची रेघ घालवू शकतं. कोडीनचं खोकल्याचं औषध अफूची पट्टी पॉझिटिव्ह करतं, चिठ्ठी असो वा नसो. आणि आपली खसखस! दिवाळीचे अनारसे, खसखशीची खीर. दाण्यावर किती मॉर्फिन लागून येतं हे पीक आणि धुण्यावर ठरतं, त्यामुळे अंदाज बांधता येत नाही. अमेरिकेत सरकारी तपासणीची अफूची मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० वरून २,००० नॅनोग्रॅम केली, ती मुख्यतः खसखशीमुळेच. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या अजून ३०० च्याच आहेत, म्हणून घेताना खोक्यावरचा हा आकडा आधी वाचा. भांगेचं उलट आहे. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत पानं येत नाहीत, पण पट्टीला कायदा कळत नाही. शिवरात्रीच्या थंडाईनंतर काही दिवस, रोजच्या सेवनात तर महिनाभरही, रेघ गायब राहू शकते.

दुसरी बाजू त्याहून गंभीर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून जे पकडलं ते मेफेड्रोन, म्हणजे एमडी. त्याची पट्टी या कपात नाही. अ‍ॅम्फेटामिनची पट्टी ते पकडेल यावर विसंबू नये. ट्रामाडॉल हे वेदनाशामक अफूच्या पट्टीला दिसत नाही, क्लोनाझेपाम ही बेन्झो गटातलीच गोळी बेन्झोच्या पट्टीवर अनेकदा सुटते. म्हणजे अनारसे खाणारा अडकतो आणि एमडी घेणारा सुटतो.

हे सगळं एखाद्याच्या पोटापाण्याशी जोडलं की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. २०१२ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बेरोजगारी भत्ता मागणाऱ्यांची तपासणी करायची मुभा दिली, तीही दोनच प्रसंगी: अमली पदार्थांमुळे नोकरी गेली असेल, किंवा माणसाला जमणारं काम नेहमी तपासणी होणाऱ्या क्षेत्रातलंच असेल. फ्लोरिडाने त्याआधी, २०११ मध्ये, गरीब कुटुंबांच्या रोख मदतीसाठी सरसकट तपासणी लावली होती. खर्च अर्जदाराने करायचा, निगेटिव्ह आल्यास परत मिळायचा. ४,०८६ जणांत १०८ पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे २.६ टक्के. न्यायालयाने त्याच वर्षी ते थांबवलं. आपल्याकडे ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) नोकरी गेलेल्यांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत मिळतात. अटी हप्त्यांच्या आणि नोकरी कशी गेली याच्या आहेत, लघवीच्या नाहीत.

कंपनीने कप दिलाच तर चालू औषधांची यादी नमुन्याआधी लिहून द्या आणि तिची पोच घ्या. नमुना तुमच्यासमोर दोन बाटल्यांत विभागून सील व्हावा, सीलवर तुमची सही असावी. पॉझिटिव्ह आला तर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या नेमका रेणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीने खात्री झाल्याशिवाय कशावरही सही करू नका. खोक्यावरच्या लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा.