मेजर कुठलं घ्यावं: फिजिक्स की केमिस्ट्री?

दोन्ही विषय बरे जमतात, गणिताचीही भीती नाही आणि आता एकाच विषयावर बोट ठेवायचंय, अशा बीएस्सीच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. आमच्या वेळी टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, ‘सिक्स युनिट’ म्हणजे अख्खा एकच विषय, नाहीतर थ्री-थ्री म्हणजे दोन विषय निम्मे-निम्मे, असा हिशेब असे. आता मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, भाषा आली. पण दुपारच्या दुपार कुठल्या लॅबमध्ये काढायच्या, हा प्रश्न तोच आहे. मी केमिस्ट्री घेतली.

थिअरीत मात्र फिजिक्सचं पारडं मला आजही जड वाटतं. मोजक्या गृहीतकांपासून सुरुवात करून पानभर गणित केल्यावर हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या हाती येतात, तेव्हा होणारा आनंद वेगळाच. केमिस्ट्रीत ऑरगॅनिकच्या रिॲक्शन सुरुवातीला नुसतं पाठांतर वाटतात. मेकॅनिझम कळायला लागलं की ते कमी होतं, संपत नाही. इनऑरगॅनिकमध्ये तर बरंच काही लक्षातच ठेवावं लागतं. तेव्हा पाठांतराचा मनापासून कंटाळा असेल, तर एवढ्या एका कारणासाठीही फिजिक्स घेणं चुकीचं म्हणता येणार नाही.

माझा निर्णय झाला तो प्रॅक्टिकलवरून. आमच्याकडे फिजिक्सचे सेट मोजके आणि एकेका सेटवर तीन-चार जण. न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग घ्या, भिंग आणि सपाट काच यांच्यामध्ये दिसणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळांचा. सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर दिसतो आणि पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं घेतो. मग मायक्रोस्कोप एकाच दिशेने सरकवत रिंगा मोजायच्या. मध्येच स्क्रू उलटा फिरला तर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या ढिलेपणामुळे होणारी चूक, येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे ज्याचा हात बसलेला, तोच डोळा लावणार. दुसरा आकडे उतरवणार आणि उरलेले अंधारात उभे. तास संपत आला की सगळ्यांच्या जर्नलमध्ये तीच रीडिंग. सरांची सही व्हायची, मार्कही मिळायचे. पण जर्नलमध्ये माझ्या अक्षरातला आकडा मी स्वतः पाहिलेलाच नाही, हे मला फार खटकायचं. व्हायवाला उत्तरं देता यायची, तरीही.

केमिस्ट्रीत ज्याची त्याची ब्यूरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबानं सोडायची खुणांची नळी. परमँगनेटनं ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन करताना फ्लास्क आधी गरम करायचा. तरी पहिल्या थेंबांचा रंग रेंगाळतो, मग अचानक झरझर जायला लागतो, कारण तयार झालेले मँगनस आयनच पुढची रिॲक्शन पळवतात. हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. माझ्या डोक्यात ते बसलं नळीवर बोटं ठेवून उभा असताना. द्रावण इतकं गडद की खालचा मेनिस्कस, म्हणजे पातळीचा खोलगट तळ, दिसत नाही, वरची कड वाचायची. शेवटी फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं. लागोपाठची रीडिंग जुळली, सीबीआर (कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग) मिळाला, की तो आकडा आपला. चुकला तरी आपलाच, आणि कुठे चुकला ते शोधताही येतं.

त्रास इथेही आहेच. ॲप्रन घातला तरी वास कपड्यांना चिकटतो आणि तसंच संध्याकाळी दादरच्या गर्दीत शिरावं लागतं. ग्रॅव्हिमेट्रीला, म्हणजे साका वेगळा करून वजन करण्याला, चिकाटी लागते. मला हे सगळं चाललं, कुणाला चालणार नाही.

पुढच्या वाटांचं फार मनावर घेऊ नका. आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेशाची जॅम परीक्षा दोन्ही विषयांत देता येते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रमही दोन्ही विषयांत आहे. त्याची चौकशी मात्र पहिल्या-दुसऱ्या वर्षातच करा. एमएस्सीला मुंबई विद्यापीठात, कलिन्यात, दोन्ही विभाग आहेत. नुसत्या बीएस्सीवर नोकरी धरायची असेल, तर माझ्या पाहण्यात केमिस्ट्रीवाल्यांना ती लवकर लागते. ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, तारापूर इथल्या कंपन्यांत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, माणसं लागतात. फिजिक्सवाले बहुतेक पुढे शिकतात किंवा आयटीकडे वळतात.

फॉर्म भरण्याआधी एक करा. टीवायची बॅच चालू असताना दोन्ही लॅबमध्ये डोकावून या आणि एका सेटवर किती डोकी आहेत ते पाहा. फिजिक्सला दोघांत एक सेट मिळत असेल, तर माझं अर्धं म्हणणं गळून पडतं. मग गणिताची आवड असेल तर खुशाल फिजिक्स घ्या. तसं नसेल तर मी केमिस्ट्रीच सुचवेन. फिजिक्सची ओढ उरलीच, तर फिजिकल केमिस्ट्रीत क्वांटम आणि स्पेक्ट्रोस्कोपी भेटतातच.